गिरणीचे आठ तास, मागाचे बारा तास

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम केले पाहिजे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तर ९० तासांची गोष्ट काढली. त्यावर वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवर पुष्कळ वाद झाला. कोणी बाजूने बोलले, कोणी विरोधात. परंतु भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात उभ्या असलेल्या मजुराला हा वाद ऐकून नवल वाटले असेल. तो तर बारा तासांची पाळी आणि आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास, फार वर्षांपासून भरतो आहे. त्याला कोणी विचारलेही नाही आणि त्याचे कौतुकही केले नाही.

आपल्या देशात मजुराच्या कामाचे तास गेल्या दीडशे वर्षांत कसे बदलले, कायद्याच्या पुस्तकात ते कमी का झाले आणि कारखान्यात ते पुन्हा का वाढले, हे समजून घेतल्याशिवाय सत्तर आणि नव्वद तासांच्या चर्चेला अर्थ नाही. कापडाचा धंदा हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. कारण आपल्या देशातला तासांचा कायदा जन्मालाच आला तो कापड गिरणीमुळे.

सूर्य हेच घड्याळ

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्या काळात गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडले की काम सुरू आणि मावळले की बंद, असा हिसाब होता. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस लांब आणि हिवाळ्यात थोडा लहान. माणसाने किती तास काम करायचे हे मालकही ठरवत नव्हता आणि मजूरही नाही. सूर्य ठरवत होता. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सात-आठ वर्षांची मुलेही कामावर येत.

पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो कसा आला हे जाणून घेण्यासारखे आहे. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी मजुरांच्या, विशेषतः मुलांच्या, हालांविषयी आवाज उठवला आणि कायद्याची मागणी लावून धरली. त्याच वेळी इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीमालकही हाच आग्रह धरत होते. त्यांना आपल्या मुलांची दया आली होती असे नाही. त्यांच्या देशात दहा तासांचा कायदा १८४७ मध्येच झालेला होता. मुंबईची गिरणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते आणि स्वस्त सूत-कापड काढते, हे त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. एकाच मागणीमागे एकाचे इमान होते आणि दुसऱ्याचा व्यापार. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

१८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते. १८९१ च्या सुधारणेने मुलांचे तास सातवर आणले, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली आणि सर्वांना आठवड्याची एक सुट्टी दिली. पुरुष मजुराच्या तासांना तरीही मर्यादा नव्हती.

रविवार कसा मिळाला

आज रविवारची सुट्टी ही आपल्याला उगवत्या सूर्यासारखी नैसर्गिक वाटते. परंतु ती मागून घ्यावी लागली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी मजुरांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या पाहा. आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई मिळावी. सूर्यास्तापर्यंत काम ही त्या काळी मजुराची मागणी होती, यावरून त्याची स्थिती कळते. सहा वर्षे लोखंडे मागे लागले आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

आपल्या मालेगावात माग शुक्रवारी बंद राहतात. काही लोकांना वाटते की जुम्याला पूर्ण दिवस काम बंद ठेवणे हा धर्माचा हुकूम आहे. तसे नाही. अजान झाली की व्यवहार थांबवून नमाजला जावे आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात निघावे, अशी मोकळीक आपल्याला दिलेली आहे. पूर्ण दिवसाची सुट्टी ही मजुराच्या शरीराची गरज आहे. तिच्यासाठी मुंबईने रविवार निवडला, मालेगावने शुक्रवार. दोन्हीच्या मागे कारण एकच: सहा दिवस चाललेल्या हाता-पायांना एक दिवस हवा.

वीज आली आणि रात्र संपली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता सूर्याची गरज राहिली नाही. कापडाला आणि सुताला भाव चांगला होता. मालकांनी दिवस लांबवला आणि काही गिरण्यांत चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. १९०५ मध्ये मुंबईच्या मजुरांनी या दिव्यांच्या कामाविरुद्ध संप केले. सुधारणा आली की मजुराचे कष्ट आपोआप कमी होतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. यंत्र वेळ वाचवते हे खरे, पण ती वाचलेली वेळ कोणाच्या पदरात पडणार, हे यंत्र ठरवत नाही.

सरकारने चौकशी नेमली आणि १९११ चा कायदा आला. त्यात पहिल्यांदाच पुरुष मजुराच्या तासांना मर्यादा घातली गेली, आणि तीसुद्धा फक्त कापड गिरण्यांत: दिवसाला बारा तास. सहा दिवसांचे ७२ तास.

त्यानंतर पहिले महायुद्ध झाले, महागाई वाढली आणि मुंबईत मोठे संप झाले. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दिवस दहा तासांवर आला. दरम्यान १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि तिने जगासाठी आठवड्याला ४८ तासांचा करार केला. हिंदुस्थानसाठी मात्र त्यात ६० तासांची वेगळी सवलत ठेवली. त्यानुसार १९२२ चा कायदा झाला: दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. १९४६ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास.

हे शेवटचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने आणले होते. बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले, असे पुष्कळदा लिहिले जाते. कायद्याच्या भाषेत ते ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणे होते. पण त्यामुळे त्या कामाचे मोल कमी होत नाही. वॉशिंग्टनने इतर जगाला दिलेले ४८ तास आपल्या मजुराला मिळायला २७ वर्षे लागली, आणि ते मिळाले ते १९४६ मध्ये.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच कायम केले. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा. मुंबईच्या गिरणगावात मग तीन पाळ्यांची रीत बसली. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. भोंगा झाला की एक पाळी बाहेर आणि दुसरी आत. भोंग्यानंतरचा वेळ मजुराचा स्वतःचा होता. त्या वेळात कोणी रात्रीच्या शाळेत शिकला, कोणी भजन-कव्वालीला बसला, कोणी मुलांना घेऊन चौपाटीवर गेला.

काम मात्र गल्लीत गेले

इथपर्यंतची कहाणी सरळ आहे. मर्यादा नाही, मग ७२, मग ६०, मग ५४, मग ४८. एखाद्याने एवढेच वाचले तर तो म्हणेल की आपल्या देशात तास सतत कमी होत गेले.

पण कायदा कारखान्याचा होता आणि कापड कारखान्यातून बाहेर पडत होते. १९५६ मध्ये सरकारने हातमागाच्या रक्षणासाठी गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर बंधन घातले. मागणी तर वाढत होती. ती जागा हातमागाने नाही, तर यंत्रमागाने भरली. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या शेडमध्ये बसले. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी मजुरांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि देशाच्या कापडाचा मोठा हिस्सा यंत्रमागावर आला.

माग तोच, धोटा तोच, धागा तोच. पण भोंगा गेला. तीन पाळ्यांच्या जागी दोन पाळ्या आल्या, आठ तासांच्या जागी बारा. आज मालेगावचा किंवा भिवंडीचा मजूर आठवड्याला ७२ तास मागावर उभा असतो. म्हणजे तो नेमका १९११ च्या कायद्यावर उभा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळाची चळवळ, परिषदा आणि कायदे त्याच्या शेडच्या दरवाजाबाहेर थांबलेले आहेत.

यामागचा आकडा साधा आहे. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक मजूर असतील तरच तो कारखाना मानला जाई, आणि सर्व पाळ्यांचे मजूर एकत्र मोजले जात. आता २४ मागांची शेड घ्या. एका मजुराकडे सहा माग. म्हणजे एका पाळीला चार मजूर. बारा तासांच्या दोन पाळ्या चालवल्या तर आठ मजूर. कांडीवाला धरून नऊ. कायद्याच्या बाहेर. आठ तासांच्या तीन पाळ्या चालवल्या तर बारा मजूर. कायद्याच्या आत. म्हणजे जो मालक मजुराला आठ तास द्यायला जाईल तो कायद्यात सापडेल आणि जो बारा तास राबवील तो मोकळा राहील. कायदा करणाऱ्यांचा असा हेतू नव्हता. पण हिसाब तसाच निघतो आणि धंदेवाईक माणूस हिसाबानेच चालतो.

मजूर स्वतः बारा तास का मागतो

मालकांना विचारले तर ते सांगतात, “आम्ही कुठे जबरदस्ती करतो? मजूरच आठ तासांना तयार नाही.” हे ऐकून बाहेरच्या माणसाला राग येतो. पण ही गोष्ट खोटी नाही. ती का खरी आहे हे पाहण्यासाठी एक हिसाब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक मालाचा दर वेगळा असतो.

साधा माग मिनिटाला १२० पीक मारतो असे धरा. कापडात इंचाला ४८ पीक असतील तर मिनिटाला अडीच इंच कापड निघते, तासाला १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे हे सर्व वजा करून तासाला तीन मीटर धरू. सहा मागांचे १८ मीटर. मजुरी मीटरला दोन रुपये असेल तर बारा तासांत २१६ मीटर आणि ४३२ रुपये. त्याच मजुराने आठ तास काम केले तर १४४ मीटर आणि २८८ रुपये. रोजचे १४४ रुपये गेले. महिन्याच्या २६ दिवसांत हा फरक पावणेचार हजारांचा होतो. उत्तर प्रदेश-बिहारातल्या गावी पैसे पाठवणारा, खानावळीचे बिल आणि खोलीचे भाडे भरणारा मजूर हा फरक कुठून आणणार? तो बारा तासच मागणार.

मालकाच्या बाजूने पाहिले तर माग चोवीस तास चालतोच. मीटर तेवढेच निघतात आणि मजुरीही तेवढीच जाते. ती दोघांत वाटायची की तिघांत, एवढाच प्रश्न. म्हणून खरा प्रश्न तासांचा नसून दराचा आहे. आठ तासांत मजुराला बारा तासांएवढे मिळायचे तर दर दोन रुपयांचा तीन रुपये व्हायला हवा. आपल्या उदाहरणात आठ तासांच्या दिवसाची किंमत आहे मीटरमागे एक रुपया.

जुन्या काळातही हेच होते. मुंबईच्या मजुरांनी महायुद्धानंतरच्या संपात नुसते तास कमी करा असे म्हटले नाही. तास कमी करा आणि मजुरी वाढवा, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र ठेवल्या. जिथे दर वाढला तिथे तास कमी झालेले टिकले. जिथे नुसता कायदा झाला तिथे मजूर एका ठिकाणी पाळी संपवून दुसऱ्या ठिकाणी उभा राहिला.

एक रुपया कोण देणार

हा एक रुपया देणे कोणाला शक्य आहे? एकट्या मालकाला नाही. कोऱ्या कापडाचा सौदा पाच-दहा पैशांवर तुटतो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका मालकाने दर वाढवला तर त्याचा माल तसाच पडून राहील आणि शेजाऱ्याचा उचलला जाईल. मी स्वतः कोरा माल घेणारा व्यापारी आहे. पाच पैशांसाठी मीही एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेलो आहे. तेव्हा मजुराच्या बारा तासांत माझाही हिस्सा आहे, हे मी नाकारत नाही.

इथे लँकेशायरची गोष्ट पुन्हा आठवते. तिथल्या मालकांना दहा तासांचा कायदा होता तेव्हा त्यांना बारा तासांची मुंबई सहन होत नव्हती. कारण तासांची स्पर्धा ही अशी आहे की एकाने कमी केले आणि दुसऱ्याने नाही, तर कमी करणारा बुडतो. म्हणून तासांचा निर्णय एकट्याने होत नाही. तो सर्वांनी एका दिवशी घ्यावा लागतो, मग तो कायद्याने असो किंवा मालक, मजूर आणि व्यापारी यांच्या एकत्र करारातून असो. त्या करारात भिवंडी असेल आणि मालेगाव नसेल, तरी उपयोग नाही. माल तिकडे जाईल.

आणि हा रुपया पूर्ण वाया जातो असेही नाही. पाळी बदलताना मजुराचे मीटर मोजण्यासाठी कापडावर खूण केलेली असते. तागा तपासणीच्या टेबलावर घेतला की खुणेवरून रात्रीची पाळी कुठे संपली ते कळते. मी पाहिलेल्या तागांत तुटलेल्या ताण्याचे, चुकलेल्या पिकांचे आणि जाळे झाल्याचे दोष पहाटेच्या खुणेच्या अलीकडे जास्त सापडले आहेत. सहा मागांवर अकरा तास फिरलेल्या माणसाच्या डोळ्यांना तुटलेला धागा दिसत नाही, यात त्याचा काय गुन्हा? समजा शंभर मीटरमध्ये पाच मीटर सेकंडमध्ये गेले आणि सेकंडला मीटरमागे दहा रुपये कमी आले. शंभर मीटरवर पन्नास रुपये गेले, म्हणजे मीटरमागे आठ आणे. आपल्या एका रुपयातले अर्धे पैसे आपण असेही दोषाच्या रूपाने देतोच आहोत. फक्त ते मजुराला मिळत नाहीत, कचऱ्यात जातात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत याचा अभ्यास झाला होता. फार लांब दिवस कमी केल्यावर एकूण उत्पादन घटले नाही, उलट काही कामांत वाढले, असे तिथे आढळले. मागावर ते जसेच्या तसे लागू होणार नाही, कारण मागाचा वेग मोटार ठरवते, माणूस नाही. पण मागाची थांबलेली वेळ आणि कापडाचा दर्जा माणूसच ठरवतो.

जर्मनी आणि जपानचा दाखला

जास्त तासांच्या बाजूने बोलणारे युद्धानंतरच्या जर्मनी आणि जपानचा दाखला देतात. त्या देशांनी कष्ट केले हे निर्विवाद. पण पूर्ण कहाणी सांगितली पाहिजे. १८७० च्या सुमारास जर्मनीत माणूस वर्षाला तीन हजार तासांच्या आसपास काम करत होता. आज हा आकडा साडेतेराशेच्या घरात आहे. त्यात अर्धवेळ काम करणारे, विशेषतः स्त्रिया, पुष्कळ आहेत, हे खरे. पण पूर्णवेळ मजुराचे तासही तिथे खूप उतरले. १९५६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झाली असताना, तिथल्या कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आणि ४० तासांच्या आठवड्याची मोहीम उघडली होती. जपाननेही १९८७ मध्ये कायदा बदलून टप्प्याटप्प्याने ४८ वरून ४० तासांकडे वाटचाल केली. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत वेगळा शब्द तयार झाला, ही त्या कष्टाची दुसरी बाजू.

आपला मागवाला आठवड्याला ७२ तासांनी वर्षाला साडेतीन हजार तास भरतो. कष्टानेच देश श्रीमंत होत असता तर भिवंडी आज जर्मनीच्या पुढे असती. फरक तासांत नाही, एका तासात काय तयार होते यात आहे. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे पीक मारतो, तर आधुनिक धोटाविरहित माग त्याच्या तिप्पट आणि अधिक. चांगले यंत्र, चांगले सूत, न जाणारी वीज आणि शिकलेला हात हे मिळाले तर तासाची किंमत वाढते. तासाची किंमत वाढली की दर देणे परवडते.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अलीकडच्या आकडेवारीत भारतात काम करणारा माणूस सरासरी आठवड्याला ४६.७ तास काम करतो आणि निम्म्याहून अधिक लोक ४९ तास किंवा त्याहून जास्त भरतात. हा जगातील मोठ्या आकड्यांपैकी एक आहे. घरात बसून कांडी भरणाऱ्या, धागा सोडवणाऱ्या आपल्या बायकांचे तास तर कोणत्या हजेरीपटावर नसतातच. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. कांडीचे तास त्यावर वेगळे मोजावेत.

आता काय होत आहे

गेल्या काही वर्षांत वारा उलट दिशेने वाहतो आहे. २०२३ मध्ये कर्नाटक आणि तामिळनाडूने बारा तासांच्या दिवसाला वाट करून देणारे बदल केले. तामिळनाडूला विरोधामुळे ते मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा त्यांतील सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. त्या संहितेत दिवसाचे आठ तास आणि जादा कामाला दुप्पट दर कायम आहे. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे आता दहा नव्हे, वीस मजूर. आणि दहापेक्षा कमी मजुरांची जागा तर संहितेच्या बहुतेक कलमांबाहेरच राहते.

बारा तासांच्या बाजूने सांगितले जाते की आठवडा ४८ तासांचाच आहे. चार दिवस बारा तास करा आणि तीन दिवस आराम करा. कागदावर हे ठीक आहे. पण ज्याने मागाची शेड पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की तिथे बारा तासांचा दिवस सहा वेळा येतो. आजवर बारा तास हा निदान एक गैरप्रकार मानला जात होता. तो एकदा सर्वमान्य झाला की उद्या आठ तास मागणाऱ्या मजुराला कोणत्या आधारावर उभे राहता येईल?

आपल्या समाजासाठी हा प्रश्न परका नाही. मालेगाव-भिवंडीत मालकही आपला आहे, मजूरही आपला आणि पुष्कळदा व्यापारीही आपलाच. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपण सर्वजण सांगतो. ताकदीबाहेरचे ओझे कोणावर टाकू नये, हीसुद्धा तीच शिकवण आहे, पण ती मिंबरवर जास्त आणि शेडमध्ये कमी ऐकू येते. बारा तासांच्या रात्रपाळीनंतर सकाळी झोपणारा बाप आपल्या मुलाला जागेपणी कधी पाहतो, हा प्रश्न मदरशात आणि शाळेत मुलांच्या गळतीची कारणे शोधणाऱ्यांनीही विचारावा.

एका दिवसात आठ तास होणार नाहीत. पण सुरुवात करता येईल. बारा तासांच्या पाळीत दोन वेळा माग दुसऱ्याच्या हाती देऊन अर्धा-अर्धा तास बसायला मिळावे, यासाठी प्रत्येक पाळीला एक बदली माणूस ठेवणे महाग नाही. महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या कापू नयेत. पुढच्या वेळी मजुरीच्या दराचा करार होईल तेव्हा मालक आणि मजूर यांच्याबरोबर व्यापाऱ्यांनीही बसावे, आणि दर बारा तासांवर नव्हे, आठ तासांच्या पोटावर मोजावा. त्या करारात तिन्ही-चारही यंत्रमाग शहरे एकत्र असावीत. आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्या रुपयातले आपले चार आणे उचलायची तयारी ठेवावी.

१८८४ मध्ये लोखंडे यांनी मजुरांच्या सह्या घेतल्या तेव्हा रविवारची सुट्टी धंदा बुडवील असे म्हणणारेही होते. धंदा बुडाला नाही. मुंबईच्या गिरण्या त्यानंतर नव्वद वर्षांहून अधिक चालल्या.